सुकवलेल्या व कृत्रिम फुलांचा लग्नाचा गुच्छ घरी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती लग्नांत नवरीच्या हातात गुच्छ असतो, आणि आता इतर लग्नांच्या स्वागतसमारंभातही तो दिसू लागला आहे. हा गुच्छ स्वतः बांधू इच्छिणाऱ्या मुली, त्यांच्या आया आणि मावश्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे क्रमाने दिले आहेत. एका उत्तराचा भाग दुसऱ्या प्रश्नात येत असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुकवलेली फुले आणि कृत्रिम फुले एकाच गुच्छात का घालावीत? एकाच प्रकाराने भागत नाही का?

भागते, पण दोन्हींचे दोष उघडे पडतात. निव्वळ सुकवलेल्या फुलांचा गुच्छ हलका आणि सुंदर दिसतो. मात्र सुकताना फुले आकसत असल्यामुळे त्यात डोळा ठरेल असे मोठे फूल क्वचितच मिळते, आणि दाटीत चार हात लागले की पाकळ्या गळतात. निव्वळ कृत्रिम फुलांच्या गुच्छात मोठी, भरदार फुले असतात. परंतु प्रत्येक गुलाब दुसऱ्यासारखाच असतो आणि हा सारखेपणा जवळून लगेच ओळखू येतो. म्हणून मी साधा हिशेब ठेवते: मोठी फुले कृत्रिम आणि त्यांच्यामधली सगळी बारीक भर खरी, सुकवलेली. पाहणाऱ्याची नजर बारीक फुले, ओंब्या आणि पाने यांच्या खरेपणावर विसावते आणि मधल्या गुलाबाची फार चौकशी करत नाही.

२. खोटी फुले हातात घेणे कमी दर्जाचे दिसणार नाही ना?

ही शंका बहुधा नातेवाइकांची असते. राणी व्हिक्टोरियाने 1840 मध्ये आपल्या लग्नात संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला आणि ती फॅशन झाली. पण खरी संत्र्याची फुले सर्वांना सर्व ऋतूंत मिळणे शक्य नव्हते, त्यामुळे त्या काळच्या कित्येक नवऱ्यामुलींनी मेणाची फुले माळली. आपल्याकडेही ज्या घरांत छंदवर्गात शिकून स्टॉकिंगची फुले बनवली जात, तेथे ती दिवाणखान्यात मानाने मांडलेली असत. दर्जा ठरतो तो निवडीवरून (प्रश्न ९) आणि बांधणीवरून (प्रश्न १२).

३. लग्नाच्या किती दिवस आधी सुरुवात करावी?

फुले घरी सुकवायची असतील तर दोन महिने आधी, आणि सुकवलेली फुले विकत आणायची असतील तर तीन आठवडे आधी सुरुवात करावी. प्रत्यक्ष गुच्छ बांधणे हे एका दुपारचे काम आहे. ते लग्नाच्या दहा ते पंधरा दिवस आधी उरकावे आणि दांड्यावरची साटीनची रिबीन तेवढी शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवावी, कारण हाताळून मळते ती तीच.

ख्रिस्ती लग्ने सहसा ईस्टरआधीच्या उपवासकाळात होत नाहीत. त्यामुळे ती नाताळानंतर जानेवारीत आणि ईस्टरनंतर एप्रिल-मे महिन्यांत गर्दीने येतात. जानेवारीच्या नवरीला नोव्हेंबरची कोरडी हवा मिळते, ती सुकवण्यास उत्तम. पावसाळा नुकताच संपलेला असताना लग्न असेल, तर मात्र प्रश्न १४ आधी वाचावा.

४. विकतच्या गुच्छापेक्षा घरचा गुच्छ स्वस्त पडतो का?

एकच गुच्छ करायचा असेल तर फारसा नाही. फुलांखेरीज तार, टेप, ग्लू गन, कटर, रिबीन आणि टाचण्या घ्याव्या लागतात आणि त्यातले बरेचसे उरते. त्याच साहित्यात ब्राइड्समेडचे लहान गुच्छ, नवऱ्याच्या कोटावरचे फूल आणि दोन्ही आयांसाठी मनगटावरची फुले होत असतील, तर बचत स्पष्ट दिसते. केवळ पैसे वाचवण्यासाठी या कामात पडू नये. निवांत बसून काम करण्याची आवड असेल तरच पडावे.

५. घरी सुकवण्यास कोणती फुले चांगली?

ज्या फुलात मुळातच पाणी कमी असते, ते चांगले सुकते. या नियमाने पहिला मान स्टॅटिसचा. त्याचा जांभळा, गुलाबी किंवा पिवळा रंग ज्या कागदी भागात असतो तो सुकल्यावर जवळपास तसाच राहतो. जिप्सो, म्हणजे गुच्छात भरीला घालतात ती बारीक पांढरी फुले, नुसती रिकाम्या फुलदाणीत उभी ठेवली तरी सुकते. ताज्या जिप्सोला किंचित उग्र वास येतो, तो सुकल्यावर कमी होतो. हेलिक्रायसम, ज्याला पुष्कळ जण कागदी फूल म्हणतात, ते पूर्ण उमलण्याआधीच तोडावे, कारण तोडल्यावरही ते उघडत राहते. त्याचा देठ लुळा पडतो, म्हणून फूल ताजे असतानाच त्यात तार खोवावी. बटणासारखी गोल फुले येणारा गोम्फ्रेना अनेकांच्या अंगणात असतो, त्याच्याइतके बिनतक्रार सुकणारे फूल दुसरे नाही.

कोंबड्याचे मखमली फूल गडद लाल रंगासाठी फार चांगले; मात्र त्यातून बारीक काळे बी गळत राहते आणि पांढऱ्या गाऊनवर ते नेमके दिसते, म्हणून सुकल्यावर ते वर्तमानपत्रावर भरपूर झटकून घ्यावे. त्याच्याच कुळातली कुरडू पावसाळ्याच्या अखेरीस पडीक शेतांत आणि बांधांवर उगवते. तिचे रुपेरी-गुलाबी तुरे सुकल्यावर इतके नाजूक दिसतात की विकतच्या आयात तुऱ्यांची गरज भासत नाही. याखेरीज गव्हाच्या ओंब्या, भाताच्या लोंब्या, देठासह कापसाची बोंडे आणि सुरूची लहान फळे यांचा मोकळ्या हाताने उपयोग करावा. कासच्या पठारासारख्या संरक्षित ठिकाणांहून मात्र काहीही तोडू नये. तेथे फुले तोडण्यास मनाई आहे.

गुलाब सुकतो, पण रंग बदलतो. लाल गुलाब काळपट मरून होतो, पांढरा पिवळट पडतो, आणि गुलाबी व पिवळा त्यातल्या त्यात बरे राहतात. त्याचा आकार टिकवायला सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, उत्तम (प्रश्न ८).

६. मोगरा, निशिगंध आणि सोनचाफा सुकवून वापरता येतील का?

नाही. मोगरा आणि निशिगंध तपकिरी पडतात, सोनचाफा काळवंडतो, आणि तिन्हींचा मूळ सुगंध जातो. त्यांची कृत्रिम प्रतिकृतीही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जे फूल आपल्या माणसांनी जन्मभर ओंजळीत घेतले आहे, त्याची नक्कल ते दहा फुटांवरून ओळखतात. पिओनी किंवा रॅननक्युलस ही विदेशी फुले हातात घेऊन पाहिलेले पाहुणे मात्र थोडेच असतात, म्हणून ती कृत्रिम फुले खपून जातात.

सुगंध हवा असेल तर बकुळ घ्यावी. बकुळीची फुले सुकून तपकिरी झाली तरी त्यांचा वास दीर्घकाळ टिकतो. गोव्यात जिला ओवळ म्हणतात ती हीच. बकुळीचा किंवा, मिळाला तर, सुरंगीचा एक सुका वळेसर (गजरा) दांड्याभोवती गुंडाळावा. वाळ्याच्या मुळांची लहान जुडी आत लपवली तरी चालते.

७. टांगून सुकवण्याची योग्य पद्धत कोणती, आणि फूल पुरेसे सुकले हे कसे ओळखावे?

फुले दव उडून गेल्यानंतर, सकाळी उशिरा तोडावीत. खालची पाने काढून पाच-सहा देठांच्या लहान जुड्या कराव्यात. जुडी मोठी केली की मधली फुले हवा न मिळाल्याने कुजतात. जुड्या रबरबँडने बांधाव्यात, कारण सुकताना देठ बारीक होतात आणि सुतळी सैल पडून फुले एकेक खाली येतात. त्यानंतर त्या उलट्या टांगून अंधाऱ्या, कोरड्या आणि वारा खेळत्या जागी दोन ते तीन आठवडे ठेवाव्यात. उन्हात टांगण्याचा मोह टाळावा. कुरडया-पापडांना ऊन हवे, फुलांचा रंग मात्र उन्हानेच उडतो.

देठ वाकवल्यावर कट्कन मोडला, तर फूल सुकले. तो नुसता वाकत असेल तर आणखी चार दिवस थांबावे, कारण अर्धवट सुकलेले एकच फूल डब्यातल्या बाकी सगळ्यांना बुरशी लावते.

८. सिलिका जेलने गुलाब कसा सुकवतात? ते दाणे पुन्हा वापरता येतात का?

बारीक, वाळूसारखे दाणे घ्यावेत. चपलांच्या खोक्यातल्या पुड्यांतले जाड दाणे पाकळ्यांवर वळ उठवतात. गुलाबाचा देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापावा आणि त्यात बारीक तारेचा तुकडा आधीच खोवावा, कारण सुकल्यावर देठात तार घालायला गेले की तो फुटतो. हवाबंद डब्यात दोन-तीन सेंटिमीटर जेल पसरून त्यावर फूल तोंड वर करून बसवावे. नंतर चमच्याने दाणे आधी बाजूंनी आणि मग पाकळ्यांच्या मधून, रांगोळी सोडावी तसे हलक्या हाताने सोडत फूल पूर्ण झाकावे. वरून एकदम ओतल्यास गुलाब चपटा होतो. झाकण लावून पाच ते सात दिवस ठेवावे. काढताना डबा तिरका करून दाणे ओघळू द्यावेत आणि उरलेली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झटकावी.

दाणे अनेकदा वापरता येतात. नारिंगी दाणे ओलावा शोषल्यावर हिरवट होतात. ते ओव्हनमध्ये सुमारे 120 अंश सेल्सिअसला एक-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे, जे ओले झाल्यावर गुलाबी होतात, ते घेऊ नयेत, कारण त्यांचा निळेपणा कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते आरोग्यास घातक आहे. कोणतेही दाणे ओतताना नाकाला रुमाल बांधावा आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

९. बाजारात कृत्रिम फुले निवडताना काय पाहावे?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी येथे निवडीला वाव मिळतो. दुकानातल्या दिव्याखाली पाहून निर्णय न घेता फूल दारापाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावे. पाकळीची कड पाहावी: कापडाचे धागे सुटले असतील किंवा प्लास्टिकची साच्याची रेघ दिसत असेल, तर ते फूल ठेवून द्यावे. ज्याला दुकानदार सिल्क म्हणतात ते बहुतेक वेळा पॉलिस्टर असते, आणि त्यात वावगे काही नाही. रिअल टच म्हणून मिळणारी लेटेक्सचा लेप असलेली फुले हाताला खरी वाटतात, पण महाग असतात; ती पाच-सात घ्यावीत आणि दर्शनी भागात लावावीत. फोमचे गुलाब स्वस्त आणि हलके असतात, मात्र गरम ग्लूने ते वितळतात.

एकाच रंगाच्या डझनभर फुलांऐवजी जवळजवळच्या तीन छटा घ्याव्यात. पांढऱ्या गाऊनसोबत निळसर शुभ्र फुले घेतली तर सुकवलेली खरी फुले शेजारी मळकी दिसतात, म्हणून हस्तिदंती किंवा सायीच्या रंगाची घ्यावीत.

रंगवलेल्या फुलांची आणि तुऱ्यांची आणखी एक परीक्षा घ्यावी. ओला पांढरा कापूस त्यांवर घासून पाहावा. एकदा मी ही परीक्षा न घेता गर्द गुलाबी तुरे आणले, आणि घामाने त्यांचा रंग नवरीच्या हातमोज्यांवर उतरला. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस असतो.

१०. कृत्रिम पाकळ्या चुरगळल्या आहेत आणि पाने फार चकाकतात. काही उपाय आहे का?

कापडी पाकळ्यांना किटलीच्या वाफेवर, सुमारे वीतभर अंतरावरून, काही क्षण धरावे आणि बोटांनी बाहेर वळवून आकार द्यावा. लेटेक्स, फोम आणि सुकवलेली खरी फुले यांना वाफ अजिबात दाखवू नये. चकाकीचा दोष फ्लॅशच्या छायाचित्रात अधिक दिसतो. प्लास्टिकची पाने काढून त्या जागी ग्लिसरीनची खरी पाने लावणे हा खरा उपाय आहे (प्रश्न ११). फुलांचा एकसुरी रंग मोडायचा असेल, तर चित्रकलेच्या सुक्या पेस्टलची पूड ब्रशने पाकळ्यांच्या मुळाशी लावावी. तेवढ्याने फुलात खोली येते.

११. हिरवी पाने सुकून चुरा होतात. ती लवचिक कशी ठेवावीत?

एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी असे मिश्रण करून त्यात निलगिरीच्या किंवा तशाच चिवट पानांच्या फांद्या उभ्या ठेवाव्यात. देठाचे टोक आधी तिरके कापून किंचित ठेचावे. दोन-तीन आठवड्यांत पाने हे मिश्रण शोषतात आणि चामड्यासारखी मऊ होतात. हिरवा रंग मात्र टिकत नाही. तो तपकिरी किंवा शेवाळी होतो, आणि सायीच्या रंगाच्या फुलांसोबत तोच अधिक शोभतो. कोवळी पालवी यात कोमेजते, म्हणून जून पानेच घ्यावीत.

१२. प्रत्यक्ष गुच्छ कसा बांधावा? आकार आणि साहित्य किती लागते?

साधारण उंचीच्या नवरीला 22 ते 25 सेंटिमीटर व्यासाचा गोल गुच्छ पुरतो. यापेक्षा मोठा गुच्छ छायाचित्रात गाऊनचे सगळे भरतकाम झाकतो. एवढ्यासाठी सात ते नऊ मोठी कृत्रिम फुले, बारा-पंधरा मध्यम फुले, जिप्सो आणि स्टॅटिसची प्रत्येकी एक जुडी, आठ-दहा ओंब्या किंवा तुरे आणि पानांच्या दहाएक फांद्या लागतात. साहित्यात तार कापण्याचे कटर घ्यावे, कारण कृत्रिम देठांत लोखंडी तार असते आणि ती कात्रीची धार घालवते. देठांसाठी 18 किंवा 20 गेजची आणि नाजूक फुलांसाठी 24 किंवा 26 गेजची तार घ्यावी. आकडा मोठा तितकी तार बारीक. फ्लोरल टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, कारण तिच्यातले मेण ताणल्यावरच चिकट होते. नवशिके तिला न ताणता गुंडाळतात आणि मग टेप खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद घालतात.

आधी सर्व सुकवलेल्या फुलांच्या देठांना तारेचा आधार देऊन टेप लावून घ्यावी. मग सर्वांत सुंदर कृत्रिम फूल डाव्या हातात उभे धरावे. त्याच्या शेजारी दुसरा देठ तिरका ठेवावा, तिसरा त्याच दिशेने तिरका, आणि प्रत्येक देठानंतर गुच्छ हातातल्या हातात थोडा फिरवत राहावे. सर्व देठ एकाच दिशेने कलले की खाली त्यांचा पीळ तयार होतो आणि वर फुले आपोआप घुमटासारखी पसरतात. एखादा देठ उलटा गेला तर गुच्छ त्या बाजूला फुगतो. देठ जेथे एकमेकांना छेदतात तेच बांधण्याचे ठिकाण, आणि ते फुलांच्या खाली चार बोटांवर असावे. ठिसूळ फुले सर्वांत शेवटी, मोठ्या फुलांच्या फटींतून वरून खाली सोडावीत. आधी घातली तर फिरवताना मोडतात. मधूनमधून आरशासमोर उभे राहून पाहावे, कारण आपण गुच्छ वरून पाहत असतो आणि पाहुणे समोरून पाहणार असतात.

समाधान झाल्यावर बांधण्याच्या ठिकाणी तार आवळून वर टेप लावावी आणि देठ 15 ते 18 सेंटिमीटर ठेवून सरळ कापावेत. उघडी तारेची टोके टेपने पूर्ण झाकावीत, नाहीतर ती गाऊनच्या जाळीत अडकतात. शेवटी साटीनची रिबीन खालून वर गुंडाळून मोत्याच्या टाचण्या तिरप्या, टोक आत आणि वर राहील अशा खोवाव्यात. टाचणी सरळ खुपसली तर ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि ते नवरीच्या तळहाताला कळते.

१३. खाली लोंबणारा गुच्छ पहिल्या प्रयत्नात जमेल का?

जमतो, पण तोल सांभाळावा लागतो. त्यासाठी दांडा असलेला साचा आणि त्यात कोरडा फोम घ्यावा. ताज्या फुलांसाठी पाण्यात भिजवायचा हिरवा फोम सुकवलेल्या फुलांना धरून ठेवत नाही, भुगा होतो. लोंबणारा भाग पूर्ण कृत्रिम ठेवावा, कारण चालताना तोच गाऊनवर सतत घासतो. पुढचे वजन मनगटावर येत असेल, तर मागच्या बाजूला चार मोठी फुले वाढवावीत.

१४. आमच्याकडे हवा दमट असते आणि पावसाळाही आहे. गुच्छ टिकेल का?

किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि सुकलेले फूल ती स्पंजासारखी परत शोषते. ते आधी मऊ पडते, मग मान टाकते आणि शेवटी त्यावर बुरशी धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर टांगून सुकवण्याच्या भानगडीत पडू नये. सिलिका जेल वापरावे किंवा उन्हाळ्यातच फुले सुकवून ठेवावीत. तयार गुच्छ पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या मलमलीत सैल गुंडाळून, सिलिकाच्या पुड्यांसह कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा. फ्रीजमध्ये तो कधीही ठेवू नये. ताज्या फुलांची ती सवय येथे नडते, कारण बाहेर काढताच फुलांवर पाणी धरते.

याच्या उलट मे महिन्याचा त्रास ग्लूचा. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीत गरम ग्लू नरम पडतो आणि फुले कलतात. वजनदार फुले म्हणूनच केवळ ग्लूवर सोडू नयेत, तारेने बांधावीत.

१५. ओंब्यांना कीड लागली तर?

ओंबी आणि लोंबी हे धान्यच आहे, त्यामुळे धान्यातले किडे (टोके) आणि उंदीर दोघेही येतात. पूर्ण सुकलेल्या ओंब्या घट्ट बंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर धरते, आत नाही. मागच्या प्रश्नात फ्रीज नको म्हटले ते तयार गुच्छासाठी. ही फक्त कच्च्या मालाची तजवीज आहे.

१६. तुऱ्यांचे केस गळतात. हेअरस्प्रे मारला तर चालतो का?

चालतो, आणि पंपास गवताच्या तुऱ्यांना तो लागतोच. हातभर अंतरावरून, उघड्या हवेत, दोन पातळ थर द्यावेत. मात्र सुकलेले गवत मुळातच पेट घेते आणि हेअरस्प्रे ज्वलनशील असतो, म्हणून हे काम किमान आठवडाभर आधी करावे. लग्नविधीत दोघे मिळून एक मेणबत्ती पेटवणार असाल, तर त्याआधी गुच्छ ब्राइड्समेडच्या हाती द्यायचा हे तालमीच्या दिवशीच ठरवून ठेवावे. केकवरच्या फुलबाजीलाही हाच नियम लागू आहे.

१७. एखादा ताजा गजरा यात मिसळता येईल का?

फुलांमध्ये नाही. गजऱ्यावर शिंपडलेले पाणी सुकलेल्या फुलांत उतरते आणि रंगवलेल्या फुलांचा रंग सोडवते. दांड्यावर, रिबिनीच्या वर, लग्नाच्या सकाळी गजरा गुंडाळता येतो. आधी तो स्वच्छ फडक्यावर टिपून घ्यावा. मोगऱ्याच्या वासाची हौस अशी पुरी होते आणि प्रश्न ६ मधला नकारही पाळला जातो.

१८. घरातील वडीलधारी म्हणतात की सुकलेली फुले शुभकार्यात नकोत. काय सांगावे?

वाद घालू नये. पूजेत सुकलेले फूल निर्माल्य समजले जाते, तेव्हा त्यांचा आक्षेप निराधार नाही. पण दसऱ्याला नवे म्हणून भाताच्या लोंब्या दाराला बांधण्याची रीत कोकणात आहेच, आणि धान्य कोणाला अशुभ वाटत नाही. गुच्छात लोंब्या, ओंब्या आणि कापसाची बोंडे पुढे ठेवावीत, सुकलेला गुलाब वगळावा, आणि गुच्छ विधीत न घेता केवळ स्वागतसमारंभात हाती धरावा. एका आजींनी स्वतःच्या शेतातल्या लोंब्या आणून दिल्यावर त्यांचा विरोध तेथेच संपला होता.

१९. चर्चमध्ये असा गुच्छ चालतो का? आणि मरियेपुढे ठेवण्याचा, मैत्रिणींकडे फेकण्याचा गुच्छ कोणता घ्यावा?

नवरीच्या हातातला गुच्छ ही तिची खासगी बाब आहे. वेदीच्या सजावटीचे मात्र वेगळे असते. तेथे ताजी फुलेच अपेक्षित असतात, म्हणून तोच साज वेदीवर मांडायचा असल्यास धर्मगुरूंना आधी विचारावे. मरियेच्या मूर्तीपुढे काही नवऱ्या आपला गुच्छ ठेवतात. तेथे ठेवलेला गुच्छ परत मागता येत नाही, म्हणून त्यासाठी ताज्या फुलांची लहान जुडी वेगळी न्यावी. फेकण्यासाठीही स्वतंत्र गुच्छ करावा: पूर्ण कृत्रिम, उघड्या तारेचा किंवा टाचणीचा लवलेश नसलेला, आणि मुठीएवढा. सुकवलेला गुच्छ फेकला तर झेलणारीच्या हाती नुसते देठ येतात.

२०. लग्न परदेशात आहे. गुच्छ येथून करून नेता येईल का?

देश कोणता आहे त्यावर ते अवलंबून आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वनस्पतिजन्य वस्तूंबाबत नियम फार कडक आहेत. तेथे सुकवलेली फुलेही उतरताना जाहीर करावी लागतात, तपासणीनंतर ती नष्ट केली जाऊ शकतात, आणि लपवल्यास दंड होतो. धान्य असलेल्या ओंब्या-लोंब्या तर नेऊच नयेत. अशा वेळी येथून फक्त कृत्रिम भाग बांधून न्यावा, फटी मोकळ्या ठेवाव्यात, आणि जिप्सो व पाने तेथे विकत घेऊन आदल्या दिवशी खोवावीत. इतर देशांतही वनस्पतिजन्य वस्तू जाहीर करणेच योग्य.

विमानात गुच्छ केबिनमध्ये, खोक्यात उभा न्यावा. टाचण्या, कटर आणि कात्री चेक-इन सामानात द्यावी, आणि रंगाचे किंवा लॅकरचे ज्वलनशील स्प्रे कोणत्याच सामानात घालू नयेत.

२१. लग्नानंतर गुच्छाचे काय करावे?

काचेच्या पेटीत, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर तो पुष्कळ वर्षे राहतो. पेटीत सिलिकाची पुडी लपवावी आणि पावसाळ्याआधी ती बदलावी. उघडा ठेवणार असाल तर धूळ हेअरड्रायरच्या थंड झोताने, लांबून उडवावी. कंटाळा आल्यावर तो निर्माल्यकलशात किंवा नदीत टाकू नये, कारण पॉलिस्टर आणि तार कुजत नाहीत. टेप उलगडून खरी फुले कुंडीतल्या मातीत घालावीत. कोंबड्याचे आणि कुरडूचे बी त्यात असेल, तर पहिल्या पावसानंतर ते बहुधा उगवतेच. कृत्रिम फुले, देठ वाकलेले नसतील, तर धाकट्या बहिणीसाठी ठेवावीत.